शीग लावलेला आवाज

मी रेकॉर्डर बोलतोय. हसू नका. बोलणं हे माझं काम नव्हे हे मलाही ठाऊक आहे. माझं काम ऐकायचं आणि ऐकलेलं जसंच्या तसं परत द्यायचं. इतकी वर्षं ते मी इमानानं केलं. एकदाच चुकलो, आणि नेमका जिथं चुकायला नको होतं तिथं चुकलो. ते मनात ठेवून ठेवून आता जड झालंय, म्हणून आज तोंड उघडलं.

दिसायला मी काही मोठा नाही, मुठीत मावतो. डोक्यावर दोन चंदेरी कान, पोटात दोन पेन्सिल सेल, कुशीत नखाएवढं कार्ड. उजव्या अंगाला एक दातेरी चाक आहे. ते पुढं फिरवलं की माझे कान तिखट होतात, मागं फिरवलं की मंद. समोर छोटा पडदा आहे. कुणी बोललं की त्यावर एक काळी पट्टी डावीकडून उजवीकडं धावते. पट्टी जिथं संपते तिथं शून्य लिहिलंय, आणि शून्याशेजारी मुगाच्या दाण्याएवढा लाल दिवा आहे.

हे शून्य तेवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख तिथंच अडकलंय. माझ्याकडचे आकडे जगाच्या उलटे. कुजबुज असेल तर उणे चाळीस, साधं बोलणं उणे वीस, कुणी मोकळ्या गळ्यानं बोललं तर उणे बारा. आणि शून्य म्हणजे काठ. काठाच्या वर माझ्यात काहीच मावत नाही. आवाज तिथून वर गेला की त्याचा शेंडा मी छाटून टाकतो. मुद्दाम नाही हो, मला दुसरं काही येतच नाही. शेंडे छाटलेला आवाज मग ऐकायला बसलं की फाटक्या कर्ण्यासारखा खरखरतो. आणि छाटलेलं पुन्हा जोडता येत नाही.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. डोळे उघडले ते नवीन जालन्यात, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात. माझे पहिले मालक कल्याण. कंपनीच्या जाहिरातीचं काम ते बघायचे. मला गळ्यात अडकवून मोटारसायकलवर निघायचे आणि बांधाबांधावर जाऊन कास्तकारांची मनोगतं भरून आणायचे.

त्या दिवसांत मी माणसं पुष्कळ पाहिली. एक गंमत सगळीकडं सारखी. मला तोंडासमोर धरलं की माणूस आधी खाकरतो, मग टोपी सारखी करतो आणि मग जन्मात कधी बोलला नाही अशा पुस्तकी भाषेत बोलायला लागतो. "सदर वाणाची उगवण समाधानकारक आहे." तेच कल्याण म्हणाले, "झालं काका, बंद केलं," की काका मोकळे होतात आणि खरं काय ते तेव्हा सांगतात. म्हणून कल्याण पुष्कळदा मला बंद केल्याचं नुसतं सांगायचे. लबाडी होती, पण गोड होती.

अंबड तालुक्यात एका शेतात एक म्हातारेबाबा इतकं हळू बोलत होते, की कल्याणनी माझं चाक बरंच पुढं सारलं. तेवढ्यात शेजारची म्हैस कपाशीत घुसली. बाबा जागेवरून असे ओरडले, की माझा लाल दिवा भकभक पेटला आणि अर्धी मुलाखत फाटून गेली. त्या दिवसापासून कल्याण शहाणे झाले. ते आधी समोरच्याला म्हणायचे, "काका, लांबच्या माणसाला हाक मारल्यासारखं बोला बघू एकदा." त्या हाकेवर चाक लावायचे, पट्टी उणे बाराच्या आसपास ठेवायचे, वरची जागा मोकळी सोडायचे आणि हेडफोन कानाला लावूनच बसायचे. त्यांच्या हातात माझा दिवा पुन्हा कधी लाल झाला नाही.

मग मोबाईल आले. सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला, त्यातच आवाज आला, आणि मी टेबलाच्या खणात गेलो. खणात स्टेपलरच्या पिना होत्या, एक वाळलेला शिक्का होता आणि मी. दोन-अडीच वर्षं खणाच्या फटीतून नुसता पंख्याचा आवाज ऐकला. मोबाईलविषयी मी काही वाईट बोलणार नाही, कारण बोलायला लागलो तर थांबणार नाही.

एके दिवशी खण उघडला. कल्याणसमोर त्यांचा वसतिगृहातला जुना मित्र बसला होता. नागसेन. मंठ्याला शाळेत शिक्षक. शर्टाच्या खिशाला पेन, आणि बोलताना नजर खाली.

"मामीचा आवाज भरून ठेवायचा हाय," नागसेन म्हणाला. मामी म्हणजे त्याच्या सासूबाई.

"मंग मोबाईलवर कर की."

"केल्ता. पातळ येतो रे. मामीचा आवाज तसा न्हाई. अन् एकच बार मिळणार हाय. मंग न्हाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. मामींच्या गळ्यात गाठ झाली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ काढली की जीव वाचेल, पण ती आवाजाच्या नसेला चिकटून बसलीय. नस राहील की जाईल ते आत्ता सांगता येत नाही. इकडं नागसेनची बायको प्रीती, मामींची एकुलती लेक, तिला सातवा महिना चालू. मामी स्वतः पाळणे रचून गायच्या. नातवंड येईपर्यंत त्यांचा गळा राहील की नाही, कुणी सांगावं?

कल्याणनी मला फडक्यानं पुसलं, नवे सेल घातले. "हे बघ, त्यांना आधी पूर्ण गळा सोडून गायला लाव. त्यावर चाक ठेव. पट्टी बाराच्या म्होरं जाऊ देऊ नको. लाल दिवा लागला की समज, गेलं. अन् हेडफोन काढायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"बराबर," नागसेन म्हणाला. शिक्षकच तो, सगळं वहीत लिहून घेतलं.

मंठ्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावात मला नेलं. बौद्ध वस्तीत शेवटून दुसरं घर, पत्र्याचं, दारापुढं सारवलेलं अंगण. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली लाकडी फळी, आणि फळीवर घासूनपुसून ठेवलेली, धान्य मोजायची एक पितळेची पायली. ही पायली नागसेनच्या सासऱ्यांची, संपतरावांची.

संपतराव म्हणजे गावचे मापाडी. तरुणपणी मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माप धरायचे. पुढं मोंढ्यात वजनकाटे आले, तरी गावातले धान्याचे वाटे, सुगीला मजुरांची पायली, लग्नाघरचा शिधा, सगळं त्यांच्याच हातानं मोजलं जायचं. पायली काठोकाठ भरली की लोक थांबतात. संपतराव थांबत नसत. दोन्ही हातांची ओंजळ करून काठाच्या वर दाण्यांचा डोंगर रचायचे, एकही दाणा खाली न सांडता. त्या डोंगराला शीग म्हणतात. "काठापर्यंत तं कुनीबी भरतं," ते म्हणायचे. "शीग लावली तं माणूस म्हणायचं." गावातल्या बायका पायली न्यायला आल्या की संपतरावांचा हात बघायला थांबत. अशा हाताचा अभिमान का नसावा?

आणि त्यांच्या पत्नी चतुराबाई. साठीच्या, उंच, कपाळावर गोंदण. वस्तीत लेकरू जन्मलं की नाव ठेवायच्या दिवशी पाळण्याची दोरी चतुराबाईंच्या हातात यायची. त्या प्रत्येक लेकरासाठी नवी ओळ जोडायच्या आणि तिच्यात त्याचं नाव गुंफायच्या. वस्तीतल्या तीस-पस्तीस जणांकडं त्यांनी गायलेलं आपापलं नाव होतं. त्यातले काही आता पुण्याला कामाला होते, काही मिशा राखून हिंडत होते, पण समोर चतुराबाई आल्या की लहान होत. गळ्यावरची लिंबाएवढी गाठ त्या पदरानं झाकून ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात जायचं होतं. म्हणजे हाताशी होती ती एकच दुपार.

पाळण्याची दोरी हातात असल्याशिवाय चतुराबाईंना गाता येत नव्हतं. म्हणून लोखंडी आढ्याला पाळणा टांगला. पण रिकामा पाळणा हलवायचा नसतो, असं शेजारच्या कांताबाईंचं म्हणणं. नागसेन मास्तर माणूस, तो म्हणाला, असं काही नसतं. कांताबाई म्हणाल्या, "तुमचं शाळेत ठिवा." शेवटी स्वयंपाकघरातला वरवंटा आणला, त्याला टोपडं घातलं आणि पाळण्यात निजवलं. प्रीती हसून हसून भिंतीला टेकली. इतकं मोकळं हसू त्या घरात मी पुन्हा ऐकलं नाही.

नागसेननं मला पाटावर ठेवलं, चतुराबाईंपासून हातभर लांब. वही काढून बघितली, हेडफोन कानाला लावला.

"आवं जावईबापू," कांताबाई म्हणाल्या, "सासू गाऊ लागली अन् तुम्ही कानं कामून झाकले? इतका वंगाळ गळा हाय का?"

सगळे हसले. चतुराबाईही हसल्या, पण नागसेनचे कान लाल झाले. ज्या बाईचा आवाज उद्या राहणार की नाही ठाऊक नाही, तिच्यासमोर कान झाकून बसायचं? तो अदबीचा माणूस. त्यानं हेडफोन काढला आणि पिशवीत ठेवून दिला. वहीतली एक ओळ तिथं गळाली.

"मामी, आता पूर्ण गळा सोडून गा बरं थोडं. मशीन लावायचं हाय."

जावयानं असं समोर बसून सांगितल्यावर कुठली सासू गळा सोडेल? चतुराबाईंनी पदर पुढं ओढला आणि पुटपुटल्या, "काय गाऊ बाई... जय भीम म्हनते." माझी पट्टी कशीबशी चिमूटभर हलली. नागसेननं चाक थोडं पुढं केलं. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेवढंच पुटपुटणं. आणखी थोडं पुढं केलं. आता पट्टी उणे बाराला आली. वहीप्रमाणं बरोबर होतं. पण ते पुटपुटण्याचं बारा होतं, गाण्याचं नव्हतं. मला ते कळत होतं. मी कुणाला सांगणार?

संपतराव वाकून पडद्याकडं बघत होते. माप दिसलं की मापाड्याची नजर काठावर जाते.

"नागसेनराव, हे काठाच्या कितीतरी खालीच राह्यलं की."

"मामा, तेवढंच ठिवायचं म्हणून सांगितलंय कल्याणनं."

"तुमच्या कल्याणनं किती पायल्या भरल्या?" संपतराव हसले, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. "मंग पुन्हा न्हाई भरायचं हे. एकच बार हाय. आपल्याच घरच्या बाईला उणं माप द्यायचं का?"

नागसेननं वही मिटली. सासऱ्यांना नाही म्हणायचं, तेही आज? संपतरावांनी अंगठा माझ्या चाकावर ठेवला. पायलीची कड घासून घासून गुळगुळीत झालेला अंगठा. त्यांनी चाक हळूच पुढं सारलं, आणखी सारलं, आणि कांताबाई "झालं का वो?" म्हणाल्या तेव्हा पट्टी काठाला जाऊन टेकली.

"आता बराबर," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात इतक्या मायेनं माझ्या चाकाला कुणी हात लावला नव्हता, म्हणूनच मला जास्त लागतं.

चतुराबाईंनी दोरी हातात घेतली. लाल बटण दाबलं गेलं. पाळण्याची कडी कुरकुरली आणि त्यांनी खालच्या आवाजात सुरू केलं,

पाळण्याची दोरी, दोरी हाताला लागली
पिंपळाची पानं बाई, वारा घालाया लागली

इथवर ठीक होतं. पट्टी काठाशी खेळत होती, दिवा कधी लागत होता कधी नाही. पण चतुराबाई अंगणात गाणाऱ्या. पंचवीस बायका, त्यांची लेकरं, ढोलकी, सगळ्यांच्या वर आवाज न्यायची त्यांना चाळीस वर्षांची सवय. दुसऱ्या कडव्याला त्या जावयाला विसरल्या, मला विसरल्या, गळ्यातली गाठ विसरल्या. पदर खांद्यावर पडला आणि त्यांनी गळा सोडला.

उंच जाऊ दे पाळणा, दिसू दे गं गाव सारा
बाळ ... माझं निजलं बाई, हळू येऊ दे गं वारा

बाळ म्हटलं की त्या थांबत होत्या. नातवंडाचं नाव अजून ठरलं नव्हतं, मुलगा की मुलगी ते ठाऊक नव्हतं, म्हणून नावापुरती जागा त्यांनी मोकळी सोडली होती. त्या जागेत नुसती दोरी ओढायच्या, श्वास घ्यायच्या, आणि पुन्हा वर चढायच्या. नाव ठेवलं की घरच्यांनी त्या जागेत म्हणायचं, असं त्यांनी प्रीतीला आधीच सांगून ठेवलं होतं.

तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. आणि तो माझ्यात मावत नव्हता. प्रत्येक ओळीला मी त्याचे शेंडे छाटत होतो. लाल दिवा पेटला तो विझेचना. मी ओरडत होतो असं समजा, कारण ओरडायला माझ्याकडं तेवढाच एक दिवा आहे. संपतरावांनी तो पाहिला. त्यांचा चेहरा फुलला. गाण्यात बोलायचं नाही म्हणून त्यांनी नागसेनकडं बघून दोन्ही हातांची ओंजळ केली आणि हवेतच काठाच्या वर डोंगर रचून दाखवला. शीग!

नागसेननंही दिवा पाहिला. त्याला कल्याणचं बोलणं आठवलं असणार, कारण त्याचा हात माझ्याकडं आला. अर्ध्यात थांबला. समोर मामी डोळे मिटून गात होत्या, प्रीती पोटावर हात ठेवून रडत होती, मामा ओंजळ धरून बसले होते. असं गाणं मध्येच तोडायचं? त्याचा हात परत गेला. त्याला मी दोष देत नाही. मलाही त्या वेळी हात असते, तरी मी ते गाणं तोडलं नसतं कदाचित.

पाळणा संपला. कांताबाईंनी चतुराबाईंच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. चहा ठेवायला चतुराबाई आत चुलीकडं गेल्या. मला बंद करायचं त्या गडबडीत कुणालाच सुचलं नाही. बऱ्याच वेळानं नागसेनला आठवण झाली आणि त्यानं मला थांबवलं.

"मामी, लावून बघू का? ऐकता का?"

"नगं बाबा. मला माझ्याच गळ्याची लाज वाटती. लेकराच्या बारशाला लावा. पयलं त्यालाच ऐकू द्या."

एवढ्या एका शब्दाला मान दिला नसता तर? संध्याकाळपर्यंत वेळ होता, पाळणा टांगलेला होता, वरवंटा निजलेला होता. पुन्हा गाता आलं असतं. पण नागसेननं पडद्यावर नुसतं बघितलं, गाणं कार्डात आहे एवढी खात्री केली आणि मला पिशवीत ठेवलं. त्या पिशवीत मी अडीच महिने होतो, आणि माझ्या पोटात काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं.

गाठ निघाली. जीव वाचला. आवाज गेला. अगदी मुका नाही, पण बोललं तर नुसती हवा येते आणि हवेत थोडे शब्द. समोर बसलेल्याला ऐकू जातं, चुलीपासून दारापर्यंत जात नाही.

मुलगी झाली. संघमित्रा नाव ठरलं. बारशाला सगळी वस्ती जमली, मंठ्याहून शाळेतले मास्तर आले, जालन्याहून कल्याण आले. बुद्धवंदना झाली. मग संपतराव उठले आणि म्हणाले, "आता आमच्या घरच्या बाईचा पाळणा ऐका." पुढं पुढं करण्यातले ते नव्हेत, पण त्या दिवशी नवी टोपी घालून बसले होते. नागसेननं मला मोठ्या पेटी-स्पीकरला जोडलं.

पहिल्या दोन ओळी जराशा खरखरल्या. बायका माना डोलवू लागल्या. आणि मग "उंच जाऊ दे पाळणा" आलं.

काय सांगू! त्या पेटीतून जे निघालं त्याला आवाज म्हणवत नाही. पत्र्यावर पत्रा घासावा तसं काहीतरी, आणि त्याच्यामागं कुठंतरी एक बाई गातेय एवढंच कळावं. संघमित्रा दचकून रडायला लागली. कांताबाई म्हणाल्या, "मशीन बिघडलं का काय?" कल्याणनी डोळे मिटून घेतले, त्यांना पहिल्याच क्षणी कळलं होतं. सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे नावाची मोकळी जागा. तेवढी स्वच्छ आली होती. कडी कुरकुरते, चतुराबाई श्वास घेतात, सगळं लख्ख. प्रीतीनं ठरल्याप्रमाणं त्या जागेत "संघमित्रा" म्हटलं, आणि पुढच्या शब्दापासून पुन्हा सगळं फाटलं.

चतुराबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या. नागसेनच्या कानाशी वाकून त्यांनी सांगितलं, "बंद करा. लेकरू भिऊन राह्यलं." मग पाळण्याजवळ बसल्या, दोरी हातात घेतली आणि ओठ हलवू लागल्या. शब्द सगळे होते, सूर नव्हता. बायकांनी माना खाली घातल्या.

लोक पांगल्यावर नागसेन सासऱ्यांना म्हणाला, "मामा, मशीनच जुनं होतं. खणात पडून खराब झाल्तं. कुनाची चूक न्हाई."

आळ माझ्यावर आला. मी तो घेतला. खरं सांगतो, मला बरं वाटलं, आपण काहीतरी उपयोगी पडतोय असं वाटलं. पण संपतरावांनी मला उचललं, चाकावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"नागसेनराव, माप खोटं नसतं," ते म्हणाले. "हात खोटा असतो."

कल्याण मला जालन्याला घेऊन गेले. कॉम्प्युटरला जोडून तीन दिवस बसले. आवाज कमी करून बघितला, तर फाटकं तेच फाटकं हळू ऐकू आलं. आणखी काय काय करून बघितलं. शेवटी नागसेनला फोन केला. "शेंडेच न्हाईत रे. जे भरलंच न्हाई ते काढू कुठून?"

पण ऐकता ऐकता ते अगदी शेवटापर्यंत पोचले होते. गाणं संपल्यावर मी चालूच राहिलो होतो ना, तिथपर्यंत. बोटं मोडल्याचा आवाज, भांड्याचा आवाज, आणि मग आत चुलीपाशी उभ्या असलेल्या चतुराबाईंचा. लांबून आल्यामुळं तो माझ्यात नीट मावला होता. काठाच्या पुष्कळ खाली, पूर्ण, एकही शेंडा न छाटलेला, त्यांचा खरा आवाज. एकच वाक्य आहे. त्या संपतरावांना विचारतात, "बराबर भरलं का हो?"

आणि माझ्याजवळून संपतराव उत्तर देतात, "शिगोशीग!"

कल्याणनी हे कुणाला सांगावं की नाही याचा विचार दोन दिवस केला. मग स्वतः मला घेऊन गावाला आले, संपतरावांना ऐकवलं आणि माझा त्यांच्याजवळच मुक्काम ठेवला. मला परत न्यायचं त्यांनी नावही काढलं नाही.

आता मी तसबिरीखालच्या फळीवर आहे, पायलीच्या शेजारी. पायलीशी माझं बोलणं होत नाही. तिला वाटत असेल, या पोराला काठाच्या वर एक दाणा पेलता आला नाही. खरं आहे. दाण्यावर दाणा बसतो, आवाजावर आवाज बसत नाही. हे तिच्या मालकाला कुणी सांगायला हवं होतं.

माझी एक बाजू थोडी पिचलीय, पडद्यावर ओरखडा आलाय. आणखी किती दिवस चालेन, माहीत नाही. आता म्हणे असे नवे रेकॉर्डर निघालेत, की त्यांना काठच नसतो, कितीही मोठा आवाज घ्या. त्यांचं कल्याण होवो. पण माझ्यासारखे जुने अजून पुष्कळांच्या घरी आहेत, म्हणून हात जोडून सांगतो, नसलेले हात. कुणाचा आवाज भरायला बसलात तर त्याला आधी लाज सोडायला वेळ द्या, मग चाक लावा. कुणी हसलं तरी कान झाका. लाल दिवा ही शाबासकी समजू नका. भरून झालं की तिथल्या तिथं एकदा ऐका, समोरचा नको म्हणाला तरी ऐका. आणि वर थोडी जागा मोकळी सोडा. चतुराबाईंनी नावासाठी सोडली होती, तशी.

रोज दुपारी चतुराबाई लेकीकडून आलेला संघमित्राचा फोन घेऊन अंगणात बसतात. पडद्यावर नात दिसते, या ओठ हलवतात, ती हसते. तेव्हा संपतराव मला फळीवरून खाली घेतात. त्यांना दोनच बटणं माहीत आहेत, एक चालू करायचं आणि एक थांबवायचं. शेवटची जागा कल्याणनी त्यांना लावून दिलीय. ते पाटावर बसतात, मला कानाशी धरतात आणि अंगठ्यानं बटण दाबतात.

"बराबर भरलं का हो?" माझ्यातून चतुराबाई विचारतात.

पुढचं उत्तर ते कधीच येऊ देत नाहीत. त्याच्या आधीच अंगठा दाबून मला थांबवतात, दाराकडं एकदा बघतात, आणि मला तोंडाशी धरून हळूच सांगतात, "न्हाई गं. उणं राह्यलं."